उडणारा रंग आणि एकटा रेणु

कापडाच्या दुकानांत पोत, काठ, रंग सर्व कांहीं मनास आलें, तरी पैसे मोजण्यापूर्वीं एक प्रश्न हटकून विचारला जातो : रंग पक्का आहे ना? या एका प्रश्नाच्या पोटांत खरें पाहतां दोन प्रश्न आहेत. धुण्यांत रंग जाईल काय, हा पहिला. आणि उन्हांत उडेल काय, हा दुसरा. पहिल्याचें उत्तर बादलीभर पाणी देऊं शकतें. दुसऱ्याचें उत्तर शोधतां शोधतां रसायनशास्त्राला दीडशेंहून अधिक वर्षें घालवावीं लागलीं, आणि त्याचा बराचसा उलगडा शेवटीं झाला तो कापडाच्या गिरणींत नव्हे, तर एका एकट्या रेणूवर टक लावून बसलेल्या सूक्ष्मदर्शक यंत्राखालीं. श्रोतेहो, प्रकाशानें रंग कां उडतो आणि त्याला टिकवावें कसें, या विचाराचा इतिहास आज आपल्यापुढें थोडक्यांत मांडावयाचा आहे.

या इतिहासाचा आरंभ इ. स. १८५६ पासून करणें सोयीचें. त्या वर्षीं लंडनमध्यें विल्यम पर्किन नांवाचा अठरा वर्षांचा विद्यार्थी कृत्रिम कोयनेल करण्याच्या खटपटींत होता. कोयनेल साधलें नाहीं. मात्र दगडी कोळशाच्या डांबरांतून निघणाऱ्या द्रव्यापासून एक सुंदर जांभळा रंग त्याच्या हातीं लागला आणि कृत्रिम रंगांचा प्रचंड धंदा जन्मास आला. त्याच वर्षीं ग्रेव्हिल विल्यम्स या रसायनशास्त्रज्ञानें सिंकोनाच्या सालींतील एका द्रव्यापासून आरंभ करून निळा रंग तयार केला. त्याला पुढें सायनिन हें नांव पडलें. रंग मोठा मोहक होता, परंतु उन्हांत धरतांच तो विटे. रंगाऱ्याच्या दृष्टीनें असा माल म्हणजे निव्वळ कच्चा रंग, आणि सायनिन कापडाच्या बाजारांतून लवकरच बाद झालें. तथापि हें नांव ध्यानांत ठेवावें. ज्याला कापडवाल्यानें टाकलें, त्याच्याच वंशजांवर पुढें शास्त्रज्ञांची सारी भिस्त राहावयाची होती.

प्रकाशानें रंग उडतो हें सर्वांस ठाऊक होतें. पण प्रकाश हा एकटाच अपराधी आहे काय? १८८८ सालीं रसेल आणि कॅप्टन अॅब्नी या दोघा इंग्रज शास्त्रज्ञांनीं चित्रकारांच्या जलरंगांवर केलेल्या प्रयोगांचें प्रतिवृत्त प्रसिद्ध केलें. रंग दिलेले कागद त्यांनीं कांचेच्या नळ्यांत बंद केले. कांहीं नळ्यांत कोरडी हवा, कांहींत दमट हवा ठेविली, तर कांहींतून हवा सर्वस्वीं काढून घेतली. मग त्या दीर्घकाळ उजेडांत ठेविल्या. दमट हवेंतले रंग फिके पडले. निर्वात नळ्यांतले रंग, थोडेसे अपवाद सोडल्यास, जसेच्या तसे राहिले. म्हणजे प्रकाश हा घाव घालणारा खरा, पण त्याच्या हातांत शस्त्र देणारी हवा होती. विशेषतः हवेंतील प्राणवायु. चित्र निर्वात पेटींत टांगणें कोणास परवडणार? म्हणून या शोधाचा व्यवहारांत उपयोग बेताचाच झाला. शास्त्राच्या दृष्टीनें मात्र पुढच्या सर्व कथेचें बीज त्या नळ्यांत होतें.

आतां दुसऱ्या धाग्याकडे वळूं. कांहीं द्रव्यें अशीं असतात कीं त्यांच्यावर एका रंगाचा प्रकाश टाकला असतां तीं स्वतः दुसऱ्याच रंगानें उजळतात. १८५२ सालीं केंब्रिजच्या स्टोक्स यांनीं या गुणाचें शास्त्रीय विवेचन केलें आणि फ्लोरस्पार या खनिजावरून त्याला फ्लुओरेसन्स असें नांव दिलें. आपण त्याला प्रतिदीप्ति म्हणूं. १८७१ मध्यें बायर या जर्मन रसायनशास्त्रज्ञानें फ्लुओरेसीन हें अतिशय तेजस्वी प्रतिदीप्त रंगद्रव्य बनविलें. जर्मनींत डॅन्यूब नदीचें पाणी एके ठिकाणीं जमिनींत गडप होतें. तें कोठें जातें हें पाहण्यासाठीं १८७७ मध्यें तेथें दहा किलो फ्लुओरेसीन ओतलें, तेव्हां सुमारें साठ तासांनीं आख या गांवच्या झऱ्याला हिरवी झळाळी आली. पुढें १९४१-४२ च्या सुमारास अमेरिकेंत अल्बर्ट कून्स यांनीं असेंच रंगद्रव्य रक्तांतील प्रतिद्रव्यांना जोडून शरीराच्या पेशींत रोगजंतूंचा अंश नेमका कोठें दडला आहे हें दाखविलें. नदीचा माग काढणारा रंग आतां पेशींतले माग काढूं लागला.

या सर्व प्रयोगांत रंगद्रव्याचे अगणित रेणु एकाच वेळीं कामाला लावलेले असत. त्यांतील कांहीं विटले तरी बाकीचे उजळत राहत, आणि पाहणाऱ्याला फार तर चित्र किंचित् मंदावल्यासारखें दिसे. एकटा रेणु पाहतां येईल ही कल्पनाच कोणाच्या मनास शिवली नव्हती. १९५२ सालीं थोर पदार्थवैज्ञानिक श्रोडिंगर यांनीं तर स्पष्टच लिहिलें कीं, एकट्या अणूवर किंवा लहानशा रेणूवर आपण प्रयोग करतों असें केवळ विचारांत घडतें, प्रत्यक्षांत कधींच नाहीं.

तीस-चाळीस वर्षांच्या आंत तें प्रत्यक्षांत घडलें. १९७६ मध्यें टोमास हर्शफेल्ड यांनीं प्रतिद्रव्याचा एकच रेणु पाहिला, पण त्यावर प्रतिदीप्त रंगाचे शेंकडा-ऐंशीं कण चिकटविले होते. १९८९ मध्यें कॅलिफोर्नियांत मोर्नर आणि काडोर यांनीं निरपेक्ष शून्याच्या जेमतेम दोन अंश वर थंड केलेल्या स्फटिकांत पेंटासीन या द्रव्याचा खरोखरच एकटा रेणु ओळखला, आणि पुढच्याच वर्षीं फ्रान्समध्यें ऑरी व बर्नार यांनीं तसाच रेणु त्याच्या प्रतिदीप्तीवरून पाहिला. तेवढ्या थंडींत, घट्ट स्फटिकाच्या कोंदणांत, रेणु निश्चिंत असतो; प्राणवायु त्याच्यापर्यंत पोंचतच नाहीं. पण जीवनाच्या क्रिया स्फटिकांत होत नाहींत. त्या पाण्यांत आणि उबेंत होतात. १९९५ मध्यें जपानांतील ओसाका येथें फुनात्सु, यानागिदा आणि त्यांचे सहकारी यांनीं तेंही साधलें. स्नायूंतील मायोसिन हें प्रथिन इंधनाचा एकेक रेणु कसा घेतें आणि सोडतें, हें त्यांनीं सायनिन कुळांतील एका रंगद्रव्याच्या एकेका रेणूच्या उजेडांत, साध्या पाण्यांत पाहिलें.

येथें रंग उडण्याच्या जुन्या प्रश्नाला निराळेंच गांभीर्य आलें. मोठ्या सभेंतून चारदोन मंडळी उठून गेलीं तर सभा मोडत नाहीं. पण खटल्यांत एकच साक्षीदार असला आणि तोच अर्ध्या जबानींत नाहींसा झाला, तर खटला तेथेंच संपतो. पाण्यांतील चांगल्या रंगद्रव्याचा रेणु विटण्यापूर्वीं सामान्यतः कांहीं लाख, फार भाग्य असेल तर दहा-वीस लाख, प्रकाशकण बाहेर टाकतो. त्यांतला लहानसाच हिस्सा यंत्राच्या पदरांत पडतो. ही पुंजी एकदां खर्चली कीं संपली. प्रखर प्रकाश टाकून स्पष्ट पाहावें तर ती क्षणांत उधळते. मंद प्रकाशांत पुरवून खर्चावी तर स्पष्ट कांहींच दिसत नाहीं. ही केवळ दुर्बळ चित्राची अडचण नव्हती. किती काळ पाहतां येईल यावर कोणता प्रश्न विचारतां येईल हेंच ठरत होतें.

ही पुंजी कां संपते हें समजण्यासाठीं रेणूच्या अंतरंगांत क्षणभर डोकावलें पाहिजे. रंगद्रव्याच्या रेणूनें प्रकाशकण गिळला म्हणजे तो उत्तेजित होतो, आणि सेकंदाच्या अब्जाव्या भागांत, फार तर त्याच्या चार-पांच पट वेळांत, दुसरा प्रकाशकण बाहेर टाकून पूर्वस्थितीला येतो. हा क्रम लाखों वेळां चालतो. परंतु क्वचित् एखादे वेळीं उत्तेजित रेणु सरळ परत न येतां आडवाटेच्या एका अवस्थेंत घसरतो. १९३३ मध्यें पोलंडच्या याब्लोन्स्की यांनीं अशा आडवाटेची कल्पना आकृति काढून मांडली, आणि १९४४ मध्यें अमेरिकेंत ल्यूइस व काशा यांनीं ती ट्रिप्लेट, म्हणजे त्रिक-अवस्था, होय असें प्रतिपादन केलें. येथून परतीचा मार्ग निसर्गनियमानें जवळजवळ बंद असतो. म्हणून जो रेणु अब्जांश सेकंदांत मोकळा व्हावयाचा, तो येथें सेकंदाच्या दशलक्षांश भागापासून सहस्रांश भागापर्यंत अडकून पडतो. तेवढा वेळ तो अंधारांत असतो, तरीही अंगांत उत्तेजना असतेच; आणि अंगांत जोर असून वाट नसलेला जसा भांडणास प्रवृत्त होतो, तसा हा रेणु शेजाऱ्यांशीं रासायनिक झटापट करण्यास सिद्ध असतो.

अशा वेळीं भेटतो प्राणवायु. प्राणवायूचा रेणु स्वतःच जात्या त्रिक-अवस्थेंत असतो, म्हणून त्याचें आणि अडकलेल्या रेणूचें तत्काळ जुळतें. तो रंगाच्या रेणूची उत्तेजना आपल्या अंगावर घेतो आणि त्याला पूर्वस्थितीला पोंचवितो. हा उपकार झाला. परंतु ती शक्ति घेऊन प्राणवायु स्वतः अतिशय दाहक बनतो, आणि ज्याला सोडविलें त्यावरच झडप घालून त्याची घडण मोडून टाकूं शकतो. या दाहक प्राणवायूची कल्पना जर्मनींत काउट्स्की यांनीं १९३१ च्या सुमारास मांडली होती. रसेल-अॅब्नींच्या दमट नळ्यांतले रंग फिके कां पडले, याचें एक मोठें कारण आतां आपल्या ध्यानीं येईल. सोडविणारा आणि मारणारा एकच. या एका गोष्टींत पुढच्या साऱ्या प्रयत्नांचें मर्म आहे.

पहिला उपाय अर्थातच सुचला तो प्राणवायु काढून टाकण्याचा. सूक्ष्मदर्शकाखालचा पाण्याचा थेंब निर्वात करतां येत नाहीं. म्हणून त्यांत ग्लुकोज साखर आणि दोन एन्झाइमें घालूं लागले. पहिलें साखर जाळतांना पाण्यांतला प्राणवायु खाऊन टाकतें. त्या क्रियेंत हायड्रोजन पेरॉक्साइड हें दाहक द्रव्य निर्माण होतें, त्याचा निकाल दुसरें लावतें. रंग पुष्कळ अधिक टिकूं लागले. पण लगेच दुसरी विघ्नपरंपरा उभी राहिली. प्राणवायु गेला तसा मारेकरी गेला, आणि त्याच्याबरोबर सोडविणाराही गेला. रेणु आतां मरत नसत, पण अंधाराच्या कोठडींत दीर्घकाळ पडून राहत. दिवा लागे, विझे, पुन्हा लागे.

ही लुकलुक घातक कां, तें पाहा. एकाच मोठ्या रेणूवर दोन रंग बसवून त्यांतील अंतर मोजण्याची एक पद्धति आहे. जर्मनींतील फोर्स्टर यांनीं १९४८ पर्यंत तिचें गणित सिद्ध केलें होतें. दोन रंग जवळ आले कीं पहिल्याची शक्ति दुसऱ्याकडे जाऊन दुसरा उजळतो. दूर गेले कीं पहिलाच उजळत राहतो. यामुळें मिलिमीटरच्या दशलक्षांश भागाच्या दोन ते दहा पट एवढीं सूक्ष्म अंतरें कळतात. १९९६ पासून ही पद्धति एकट्या रेणूवर चालूं लागली, आणि तींत सर्वांत अधिक वापरले गेले ते सायनिनचेच वंशज. सीवाय-३ आणि सीवाय-५ या नांवांचे हे रंग अॅलन वॅगनर यांच्या प्रयोगशाळेंतून आले. आतां समजा, दुसरा रंग क्षणभर अंधारांत गेला. पाहणाऱ्याला काय दिसणार? दोन टोकें दूर सरकल्यासारखें दिसणार! प्रथिन जागचें हललेंही नाहीं, आणि त्याची हालचाल मात्र नोंदली जाणार. दिव्याचा दोष वस्तूच्या माथीं मारला जाण्याचा हा धोका होता, आणि त्यावर शास्त्राची विश्वसनीयता अवलंबून होती.

२००६ मध्यें इलिनॉय येथें रास्निक, मॅकिनी आणि टेकजिप हा यांनीं यावर एक तोडगा प्रसिद्ध केला. गव्हाच्या अंकुराच्या तेलांत विपुल असणारें ई जीवनसत्त्व पाण्यांत विरघळत नाहीं. त्याचेंच पाण्यांत विरघळणारें भावंड ट्रोलॉक्स या नांवानें मिळतें. तें थेंबांत घालतांच सीवाय-५ ची लुकलुक जवळजवळ थांबली आणि त्याचें आयुष्यही वाढलें. प्राणवायूचें मारण्याचें काम बंद, आणि सोडविण्याचें काम मात्र दुसऱ्याकडे सोंपविलें, असा हा तोडगा.

दोनच वर्षांनीं, २००८ मध्यें, या कामाला दोन दिशांनीं बळ मिळालें. स्टॅनफर्ड येथें पुग्लिसी यांच्या प्रयोगशाळेंत रायबोसोमचा अभ्यास चाले. जनुकाचा निरोप वाचून प्रथिन विणणारें पेशींतलें यंत्र तें हेंच. २००४ मध्यें तेथील ब्लँचर्ड प्रभृति संशोधकांनीं त्याच्या हालचाली एकट्या रेणूवर पाहिल्या होत्या. प्रयोगशाळेंत हें यंत्र एकेक टांका घालण्यास कांहीं सेकंदही घेतें. पांच-दहा टांके पाहावयाचे तर दिवा मिनिटभर तरी तेवला पाहिजे. म्हणून एटकेन, मार्शल आणि पुग्लिसी यांनीं साखरेचें जुनें मिश्रण सोडून जीवाणूंतील एक एन्झाइम आणि त्याचें खाद्य प्रोटोकॅटेच्यूइक आम्ल, अशी जोडी घेतली. हें एन्झाइम प्राणवायूचे दोन्ही अणु त्या आम्लाच्या रेणूंतच जडवून टाकतें, त्यामुळें हायड्रोजन पेरॉक्साइड निपजतच नाहीं. जुन्या मिश्रणापेक्षां पाण्यांतला प्राणवायु अधिक खालीं जातो आणि रंग अधिक टिकतो, हें त्यांनीं मोजून दाखविलें. जुन्या पद्धतींत साखरेपासून आम्ल सांचत जाऊन पाण्याची आम्लता हळूहळू वाढते, हें वैगुण्यही २०१० मध्यें स्पष्ट झालें.

त्याच २००८ सालीं जर्मनींत फोगेलजांग, टिनेफेल्ड आणि त्यांचे सहकारी यांनीं तोडग्यामागचें तत्त्व शोधून काढलें. त्रिक-अवस्थेंत अडकलेल्या रेणूला प्राणवायूची गरज नाहीं; त्याला एक इलेक्ट्रॉन देऊन लगेच परत घेतला, किंवा एक घेऊन लगेच परत दिला, तरी तो पूर्वस्थितीला येतो. म्हणून पाण्यांत एक देणारें आणि एक घेणारें, अशीं दोन द्रव्यें एकदमच ठेवावीं. एकानें चूक केली तर दुसरें ती सुधारतें. यावरून २००९ मध्यें ट्रोलॉक्सचें रहस्यही उलगडलें. ट्रोलॉक्स पाण्यांत राहून प्रकाशानें व हवेनें अंशतः बदलतें, आणि त्या बदललेल्या अंशापासून एक क्विनोन बनतें. मूळ ट्रोलॉक्स इलेक्ट्रॉन देतें आणि त्याचेंच हें क्विनोन घेतें. म्हणजे ताज्या द्रावणापेक्षां थोडें मुरलेलें द्रावण अधिक गुणकारी! लोणच्याप्रमाणें रसायनालाही मुरावें लागतें, हें येथें दिसून आलें.

तरी एक शंका उरलीच. रंग टिकविण्यासाठीं पाण्यांत घातलेलीं हीं द्रव्यें, ज्याचा अभ्यास करावयाचा त्या जीवयंत्राला निरुपद्रवी असतात काय? २०१३ मध्यें असें आढळून आलें कीं, यांतील नेहमींचीं द्रव्यें पेशीभोंवतालच्या स्निग्ध पडद्याचे गुणधर्म बदलूं शकतात. शिवाय जिवंत पेशींतून प्राणवायु काढून घेतला तर पेशीच गुदमरेल. यावरचा उपाय ब्लँचर्ड आणि त्यांचे सहकारी यांनीं २०१२ मध्येंच मांडला होता : सोडविणारें द्रव्य पाण्यांत मोकळें न सोडतां रंगाच्या रेणूलाच जोडून द्यावें. यासाठीं त्यांनीं निवडलेल्या द्रव्यांत सायक्लोऑक्टाटेट्राईन हें होतें. १९११ मध्यें विल्श्टेटर यांनीं डाळिंबाच्या सालींतील एका द्रव्यापासून तें प्रथम बनविलें, आणि १९७० पासून रंगद्रव्यांवर चालणाऱ्या लेसर यंत्रांत त्रिक-अवस्था शमविण्यासाठीं तें वापरीत असत. आतां तें रंगाच्या कडेवर बसलें. रेणु अडकतांच शेजारचें हें द्रव्य त्याला क्षणांत सोडवितें. बाहेरची मदत येईपर्यंत थांबावें लागत नाहीं.

या इतिहासाचें आणखी एक वळण सांगितलें पाहिजे. ज्या लुकलुकीचा एवढा जाच होता, तिचाच उपयोग करून घेण्याची युक्ति २००५-०६ मध्यें निघाली. पाठोपाठ असलेले हजारों रेणु एकदम उजळले तर त्यांचा एकच धूसर ठिपका दिसतो. पण ते आळीपाळीनें लागले-विझले तर प्रत्येकाची जागा वेगळी टिपतां येते आणि सर्व जागा एकत्र मांडून अत्यंत सूक्ष्म चित्र उभें राहतें. बेट्झिग यांनीं प्रतिदीप्त प्रथिनें घेऊन, आणि झुआंग यांनीं सीवाय-५ सारखे रंग घेऊन हें साधलें. २०१४ चें रसायनशास्त्राचें नोबेल पारितोषिक बेट्झिग, हेल आणि मोर्नर यांना मिळालें तें अशाच कार्याबद्दल. रंगाऱ्यानें टाकलेल्या सायनिनचा चंचलपणा येथें गुण ठरला. पण तोही केव्हां? त्या चंचलपणाचें कारण कळून तो आवरतां आणि सोडतां येऊं लागला तेव्हां.

दीडशें वर्षांच्या या खटपटींतून एक गोष्ट निःसंशय सिद्ध झाली आहे. रंग पक्का कीं कच्चा हें केवळ रंगाच्या अंगचें लक्षण नव्हे. तो कोणत्या हवेंत, कोणत्या पाण्यांत आणि कोणाच्या संगतींत आहे यावर तें ठरतें. म्हणूनच सर्व रंगांना चालेल असा एकच रामबाण उपाय नाहीं. एकाला तारणारें मिश्रण दुसऱ्याला निरुपयोगी ठरतें, आणि प्रत्येक नव्या प्रयोगाच्या आरंभीं संशोधकाला रंगाची आणि त्याच्या सोबत्यांची परीक्षा पुन्हा घ्यावीच लागते. ती घेतल्यावांचून मिळालेल्या चित्रांत प्रथिनाची हालचाल किती आणि दिव्याची लुकलुक किती, हें कोणालाच सांगतां यावयाचें नाहीं. वस्तु पाहण्यापूर्वीं ज्या उजेडांत ती पाहावयाची तो उजेड तपासून घेणें, हा या शास्त्राचा पहिला नियम झाला आहे.